काजवे, काळे ठिपके, सरकलेला पडदा : कुणाला त्याच रात्री पाठवायचं?

अनघा_ऑप्टो

नमस्कार. कोकणात तालुक्याच्या गावी ऑप्टोमेट्री केंद्र चालवते. स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून बघायचा दिवा), टोनोमीटर (डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र) आणि दृष्टीचा तक्ता एवढं आहे. इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप (डोळ्याच्या आतला पडदा कडेपर्यंत बघायचं उपकरण) नाही, आणि रेटिनाचे, म्हणजे या पडद्याचे, डॉक्टर इथं ठरावीक वारीच येतात. पडद्याच्या ऑपरेशनसाठी रुग्ण कोल्हापूर, पुणे नाहीतर मुंबई गाठतात.

"काजवे चमकतात", "डोळ्यासमोर माशी फिरते", "एका बाजूनं अंधार येतोय" अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी कुणाला त्याच रात्री गाडीत बसवायचं, कुणाला दुसऱ्या दिवशी पाठवायचं आणि कुणाला आठवडाभर थांबवलं तरी चालेल, हे माझ्याकडच्या साधनांवर कसं ठरवू? सगळ्यांनाच "ताबडतोब जा" म्हटलं की लोक तो शब्द मनावर घेईनासे होतात, हा खरा प्रश्न आहे.

शिवाय ऑपरेशन करून परत आलेल्यांचे नातेवाईक विचारतात की शेजारच्या काकांचं लेझरवर भागलं, मग आमच्याकडे पट्टा का घातला, दुसऱ्याला गॅस आणि तिसऱ्याला तेल का? पालथं किती दिवस झोपायचं? गॅस भरलेल्या माणसानं घाट चढायचा का? आणि मायनस आठ नंबरच्या तरुण मुलांना "लॅटिस आहे, लेझर करून घ्या" असं सांगितलेलं असतं (लॅटिस म्हणजे पडद्याच्या कडेचे विरळ झालेले पट्टे), ते लेझर घ्यायला सांगू का? जाणकारांनी नेमकं लिहावं.

व्हीआर_सर्जन

अनघाताई, तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं दोन गोष्टींवर ठरतात : पडद्याला भोक कुठं आहे, आणि मॅक्युला अजून चिकटलेला आहे का. मॅक्युला म्हणजे पडद्याचा मधला भाग. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं हे सगळं त्याच्यावर चालतं.

आधी आत काय होतं ते. डोळ्याच्या पोकळीत साधारण ४ मिलिलिटर विट्रियस असतं, जेलीसारखं. वयानुसार ते पातळ होतं, आकसतं आणि पन्नाशी-साठीच्या पुढे बहुतेकांत पडद्यापासून सुटतं. हा काही आजार नाही. पण जिथं ते पडद्याला घट्ट चिकटलेलं असतं तिथं सुटताना पडदा ओढला जातो. त्या ओढीमुळे काजवे चमकतात. ओढ वाढली तर पडदा घोड्याच्या नालेच्या आकारात फाटतो, पातळ झालेलं विट्रियस त्या फटीतून मागे शिरतं, आणि ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा मागच्या थरापासून सुटत जातो. पडद्याच्या प्रकाशपेशींना रक्तपुरवठा मागच्या कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थराकडून होतो. पडदा जितके दिवस सुटा राहील तितकी त्या पेशींची उपासमार. या सगळ्यात दुखत काहीच नाही, म्हणून लोक घरी बसतात.

काजवे आणि ठिपके नव्यानं सुरू झालेल्या दर शंभरांतल्या साधारण १० ते १५ जणांना फाट सापडते. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही. मात्र विट्रियसमध्ये रक्त उतरलेलं असेल तर हे प्रमाण निम्म्याच्याही वर जातं. जास्त धोका कुणाला, तर मायनस नंबरवाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, डोळ्याला चेंडूचा किंवा बुक्कीचा मार लागलेले, घरात कुणाचा पडदा सरकलेला, आणि ज्यांचा एक पडदा आधीच सरकून गेलाय ते.

आता तुमच्या खुर्चीत बसलेला रुग्ण. प्रत्येक डोळा वेगळा झाकून विचारा : कधीपासून? एकच डोळा की दोन्ही? दोन्ही डोळ्यांत नागमोडी चमचमती रेघ येते, वीस-तीस मिनिटं टिकते आणि जाते, मग कधी डोकं दुखतं, ही मायग्रेनची चमक. पडद्याची चमक एकाच डोळ्यात, कडेला, क्षणभर, अंधाऱ्या खोलीत डोळा फिरवला की जास्त. ठिपके एखाद-दोन आहेत की अचानक काजळी उडाल्यासारखे शेकड्यानं? शेकड्यानं म्हणजे रक्त किंवा रंगद्रव्य.

मग सावलीची बाजू विचारा, ही सगळ्यात महत्त्वाची. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे सावली खालून वर येत असेल तर पडदा वरून सुटलेला असतो. अशा डोळ्यात पाणी वजनानं खाली, मॅक्युलाकडे येतं आणि काही तासांत मधली नजर जाऊ शकते. सावली नाकाच्या बाजूनं खालून येतेय म्हणजे कानाच्या बाजूला वरचा भाग सुटलाय. ही सगळ्यात वेगानं पसरणारी जात. उलट सावली वरून खाली उतरत असेल तर पडदा खालचा सुटलाय. तो हळू पसरतो, कधी महिने लावतो, आणि रुग्णाच्या लक्षात उशिरा येतो.

तुमच्या साधनांवर करायच्या तपासण्या अशा. प्रत्येक डोळ्याची चष्म्यासह दृष्टी. समोर बसून बोटं दाखवून चारही बाजूंचं क्षेत्र. बाहुली मोठी करण्याआधी टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर फिरवून बाहुलीची प्रतिक्रिया पाहा. मोठा भाग सुटलेल्या डोळ्याची बाहुली प्रकाश पडूनही सैल पडते. डोळ्याचा दाब घ्या. सरकलेल्या पडद्याच्या डोळ्यात तो दुसऱ्यापेक्षा चार-पाच अंकांनी कमी असतो. शेवटी स्लिट लॅम्पची बारीक, तेजस्वी पट्टी भिंगाच्या लगेच मागे न्या, रुग्णाला वर-खाली बघायला सांगा आणि थांबा. विट्रियस हलताना त्यात तपकिरी, तंबाखूच्या भुकटीसारखे कण तरंगताना दिसले तर फाट आहे असंच धरून चाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यात या कणांवर तेवढा विसंबू नका, ते ऑपरेशनमुळेही असू शकतात. आणि कण दिसले नाहीत म्हणून फाट नाही असंही नाही. बाहुली मोठी करून इनडायरेक्टनं, कडा दाबून बघितल्याशिवाय कुणीही "फाट नाही" असं म्हणू नये.

त्याच रात्री कोण? सावली आहे पण मधली नजर चांगली आहे, तो. हे लोक "मला तर दिसतंय" म्हणून सकाळवर ढकलतात, आणि वाचवण्यासारखं सगळ्यात जास्त त्यांच्याकडेच असतं. यांचं ऑपरेशन साधारण २४ तासांत व्हावं. मधली नजर नुकतीच, दोन-तीन दिवसांत गेली असेल तर दुसऱ्या दिवशी सर्जनकडे, म्हणजे नजर गेल्यापासून तीन दिवसांच्या आत ऑपरेशन बसवता येतं. या तीन दिवसांत केलेल्यांची नजर जास्त परत येते. मधली नजर जाऊन आठवडा उलटला असेल तर त्या आठवड्यात पाठवा. रात्रीचा घाट चढवण्यात अर्थ नाही. सावली नाही, पण काजवे-ठिपके नवे आहेत : २४ तासांत बाहुली मोठी करून तपासणी. त्यात रक्त किंवा तपकिरी कण असतील तर त्याच दिवशी. वर्षभर तेच दोन ठिपके, बदल नाही : सवडीनं.

पहिल्या तपासणीत फाट नसली तरी चार ते सहा आठवड्यांनी परत बघावं लागतं, कारण थोड्या जणांत फाट नंतर पडते. ठिपके वाढले किंवा सावली आली तर ती तारीख विसरून लगेच.

पाठवताना चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांची दृष्टी, सावलीची बाजू, ती कधी सुरू झाली, मधली नजर कधी गेली आणि बाहुलीची प्रतिक्रिया लिहा. थेंब घातले असतील तर वेळेसकट. निघण्याआधी रुग्णालयात फोन करून विचारा की पडद्याचे सर्जन आज आहेत का. मेडिकल कॉलेजात नेत्रविभाग असतो, पण व्हिट्रेक्टमीचं (विट्रियस काढायच्या ऑपरेशनचं) यंत्र आणि ते चालवणारा माणूस प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक दिवशी असेलच असं नाही. आधी चुकीच्या दारात जाऊन एक दिवस फुकट जातो, आणि अशा रुग्णाचा तोच दिवस मोलाचा असतो.

मॅक्युला चिकटलेला असेल तर प्रवासातही पडदा जिथं सुटलाय ती बाजू खाली ठेवायची. उजव्या डोळ्याचा कानाकडचा भाग सुटलाय तर उजव्या कुशीवर. वरचा सुटलाय तर उताणं, डोकं सपाट. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःहून बंद करू देऊ नका, ते सर्जन ठरवेल.

व्हीआर_सर्जन

उपचाराचं वेगळं लिहितो, आधीचं लांबलं.

तत्त्व एकच आहे : भोक शोधा आणि बुजवा. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात हे सिद्ध केलं. त्याआधी रुग्णाला दोन्ही डोळे बांधून आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत आणि बहुतेक आंधळे होत. आजची प्रत्येक पद्धत त्याच तत्त्वावर आहे. कोणत्याही थेंबानं, गोळीनं, मधानं सुटलेला पडदा चिकटत नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगा. त्यात आठवडे जातात.

शेजारच्या काकांचं लेझरवर भागलं कारण त्यांना फाट होती, पण पाणी मागे शिरलं नव्हतं, किंवा फाटीभोवती अगदी थोडं होतं. फाटीच्या सगळ्या बाजूंनी लेझरच्या ठिणग्यांच्या एकमेकींना लागून तीन रांगा मारतात. ठिणगी कोरड्या, चिकटलेल्या पडद्यावरच पांढरी उमटते. पाण्यावर तरंगणाऱ्या पडद्यावर उमटत नाही. चिकटण पहिल्या दिवसापासून धरायला लागते आणि पक्की व्हायला दोनेक आठवडे लागतात, तोवर धोका संपलेला नसतो. लेझर फसतं ते बहुधा एकाच जागी. नालेची उघडी बाजू पुढे, भिंगाकडे असते. तिथपर्यंत लेझर पोचवणं अवघड, म्हणून ती बाजू अर्धवट राहते, विट्रियसची ओढ चालूच असते आणि पाणी पुढून वळसा घालून निसटतं. तिथं कडा बाहेरून दाबून इनडायरेक्ट लेझर किंवा क्रायो, म्हणजे गोठवून चिकटवणं, करायचं.

पडदा सुटल्यावर तीन रस्ते.

नुसता गॅस, ज्याला न्यूमॅटिक म्हणतात : भोक डोळ्याच्या वरच्या भागात, म्हणजे घड्याळाच्या आठ ते चारच्या काट्यांमध्ये, एक किंवा जवळजवळची असतील तर ओपीडीतल्या छोट्या खोलीत शुद्ध सी३एफ८ साधारण ०.३ मिलिलिटर किंवा एसएफ६ साधारण ०.५ मिलिलिटर टोचतात, आणि भोकाभोवती क्रायो आधी किंवा लेझर नंतर. टोरांटोच्या पिव्हट या चाचणीत, २०१९ मध्ये, पहिल्याच प्रयत्नात पडदा बसण्याचं प्रमाण व्हिट्रेक्टमीत ९३ टक्के आणि न्यूमॅटिकमध्ये ८१ टक्के आलं, पण वर्षअखेर नजर न्यूमॅटिकची सरस होती. अट एवढीच की रुग्णानं मान सांगितलेल्या कोनात धरली पाहिजे आणि दोन-तीन दिवसांनी परत आलं पाहिजे. तुमच्या भागातून एवढ्या फेऱ्या जमणार नसतील तर सर्जन दुसरा रस्ता निवडतो आणि तो बरोबर असतो.

पट्टा : तरुण, स्वतःचं भिंग शाबूत, विट्रियस अजून घट्ट जेली, लॅटिसमधली गोल भोकं, किंवा मार लागून खालच्या कडेला फाटलेला पडदा. अशा डोळ्यात आत शिरून जेली ओढणं धोक्याचं. म्हणून बाहेरून, डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीवर सिलिकॉनचा तुकडा टाक्यांनी बसवतात. भिंत आत दबते, भोकापाशी टेकते, ओढ सैल होते. सगळीकडून गुंडाळायचा २४० क्रमांकाचा पट्टा अडीच मिलिमीटर रुंदीचा असतो. गुंडाळल्यानं डोळा लांबतो आणि मायनस नंबर दोन-तीननं वाढतो, हे चष्मा करताना तुमच्याकडेच येईल. पट्टा आयुष्यभर राहतो. वर्षांनंतर डोळा सतत लाल, चिकट पाणी, पांढऱ्यावर काही टोचल्यासारखं दिसलं तर पट्टा उघडा पडलाय का ते बघा.

व्हिट्रेक्टमी : मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे, मोठी किंवा अनेक भोकं, रक्त. २३ किंवा २५ गेजचे (सुईच्या जाडीचे) तीन मार्ग, बुबुळाच्या कडेपासून कृत्रिम भिंग असेल तर ३.५ मिलिमीटर आणि नैसर्गिक असेल तर ४ मिलिमीटरवर. विट्रियस काढायचं, कडेला बाहेरून दाबून अगदी मुळापर्यंत छाटायचं, जड द्रव किंवा हवेनं पडदा सपाट करायचा, भोकाभोवती लेझर, शेवटी गॅस किंवा तेल. गॅसचं मिश्रण चुकणं ही टेबलावरची सगळ्यात वाईट चूक. एसएफ६ २० टक्के किंवा सी३एफ८ १४ टक्के हवेत मिसळून डोळा भरला तर तो फुगत नाही. शुद्ध एसएफ६ दुप्पट होतो, शुद्ध सी३एफ८ चौपट. भरलेल्या डोळ्यात शुद्ध गॅस गेला तर दाब इतका चढतो की पडद्याची रक्तवाहिनीच बंद पडते. न्यूमॅटिकमध्ये शुद्ध गॅस चालतो तो एवढासाच असतो म्हणून.

गॅस की तेल? साध्या, ताज्या पडद्याला गॅस. एसएफ६ दोनेक आठवड्यांत, सी३एफ८ सहा ते आठ आठवड्यांत आपोआप विरतो. जुना, आकसलेला, व्रणाचे पापुद्रे धरलेला पडदा, लहान मूल, मान धरू न शकणारा रुग्ण किंवा ज्याला विमानानं जाणं टळत नाही, अशांना सिलिकॉन तेल. तेल विरत नाही. ते काढायला दुसरं ऑपरेशन लागतं, साधारण तीन ते सहा महिन्यांनी.

पहिल्या ऑपरेशनात दहातल्या साधारण नऊ जणांचा पडदा बसतो. न बसण्याचं मोठं कारण पीव्हीआर : पडद्यावर व्रणाचे पापुद्रे चढतात, आकसतात आणि बुजवलेलं भोक पुन्हा उघडतात. बहुधा चार ते आठ आठवड्यांत. म्हणून "बरं वाटतंय" म्हणून सहाव्या आठवड्याची तपासणी चुकवू देऊ नका.

नेत्रकक्ष_सिस्टर

डॉक्टरांनी लिहिलेलं आहेच, मी पालथं झोपण्याचं आणि घरचं लिहिते, कारण वॉर्डात निम्मे प्रश्न त्यावरच असतात.

गॅसचा फुगा नेहमी वर जातो. त्यामुळे डोकं असं ठेवायचं की भोक वर येईल. पालथं झोपणं सगळ्यांना लागत नाही. भोक अगदी वर असेल तर बसून राहणं पुरतं. उजव्या डोळ्याचं भोक कानाच्या बाजूला असेल तर डाव्या कुशीवर. सुटलेला मॅक्युला सपाट ठेवायचा असेल तर सुरुवातीला पालथं. डिस्चार्ज कार्डावर "पोझिशन" एवढंच लिहिलेलं असेल तर परत विचारून घ्या : कोणती, तासाला किती वेळ, किती दिवस. साधारणपणे तासातली ४५-५० मिनिटं आणि उरलेली दहा मिनिटं जेवण, लघवी, थेंब. दिवस तीन ते सात, पण सर्जन सांगेल तो आकडा खरा.

एक गोष्ट मात्र सगळ्या गॅसवाल्यांना लागू : उताणं झोपायचं नाही. फुगा पुढे येऊन भिंगाला टेकतो, भिंग धुरकट होतं, दाबही चढतो. झोपेत वळू नये म्हणून पाठीमागे लोड किंवा गुंडाळलेली चादर लावा.

पालथं बसायला टेबलावर घट्ट गुंडाळलेला टॉवेल ठेवून त्यावर कपाळ टेकवायचं, नाक-तोंड मोकळं, डोळ्यावर काही दाबता कामा नये. झोपताना छातीखाली उशी आणि कपाळाखाली टॉवेल. कोपरं टेबलाच्या कडेवर टेकून बसल्यानं करंगळीला मुंग्या येतात. कोपराखाली घडी केलेली चादर ठेवा. पाय अधूनमधून हलवत राहायचे, वयस्कांच्या पोटरीत रक्ताची गाठ होण्याची भीती असते. चहा-पाणी नळीनं द्या. दमेकरी किंवा पोट मोठं असलेल्या माणसाला हे जमत नसेल तर लपवू नका, तिथल्या तिथे सांगा. डॉक्टर कोन बदलून देतात.

गॅस असताना सुरुवातीला हात हललेला तेवढा कळतो. नजर गेली असं समजून लोक घाबरतात. गॅस विरायला लागला की वरच्या बाजूनं दिसायला लागतं आणि एक डुचमळणारी आडवी रेघ रोज थोडी खाली सरकते. शेवटी खाली एक गोल थेंब उरतो, तोही जातो. हे आधी सांगून ठेवलं की अर्धे फोन कमी होतात.

थेंब : स्टेरॉइडचे हळूहळू कमी करत पाच-सहा आठवडे, अँटिबायोटिकचे आठवडाभर किंवा थोडे जास्त, बाहुली मोठी ठेवणारे डॉक्टर सांगतील तसे. दोन थेंबांत पाच मिनिटांचं अंतर. डोक्यावरून अंघोळ, काजळ, डोळा चोळणं बंद. टोचल्यासारखं, पाणी येणं, पापणी सुजणं चालतं. पण ठणका वाढत जातोय, उलट्या होतायत, किंवा दोन-तीन दिवस बरं असून मग लाली आणि दुखणं वाढून नजर उतरलीय, तर रात्र असली तरी निघायचं. उलट्यांसह दुखणं बहुधा चढलेला दाब, आणि दुसरं जंतुसंसर्ग. "पित्त झालंय" म्हणून घरी गोळी देऊ नका.

डोळ्यात गॅस असल्याची पट्टी हातात बांधलेली असेल तर गॅस पूर्ण जाईपर्यंत काढायची नाही. मध्येच अपेंडिक्सचं किंवा दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं आणि भूल देताना नायट्रस ऑक्साइड दिला, तर तो फुग्यात शिरतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. दाताच्या डॉक्टरांनाही दाखवायची.

महात्मा फुले योजनेतून करायचं असेल तर शिधापत्रिका, आधार आणि तुमची चिठ्ठी घेऊन थेट त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. परवानगीला वेळ लागतो. चिठ्ठीवर "तातडीचे" असं ठळक लिहिलेलं असलं की आरोग्यमित्राला तातडीची वाट धरता येते. साखरेचा रिपोर्ट, चालू गोळ्या आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा कागद सोबत द्या.

नेत्र_सोलापूर

लॅटिसबद्दल. पडद्याच्या कडेचे हे विरळ झालेले पट्टे शंभरात सात-आठ लोकांत सापडतात, आणि त्यातल्या फार थोड्यांचा पडदा कधी सरकतो. नॉर्मन बायर यांनी लॅटिस असलेले ४२३ डोळे सरासरी जवळपास ११ वर्षं बिनउपचाराचे पाहिले, १९८९ मध्ये मांडले. ३ डोळ्यांत पडदा सरकला. त्यामुळे तक्रार नसलेल्या मुलाला नुसतं लॅटिस दिसलं म्हणून सरसकट लेझर करू नये, असं माझं ठाम मत आहे. लेझरमुळे त्याच जागेच्या कडेला नवी फाट पडू शकते, आणि जिथं लॅटिस नव्हतं तिथंही पडदा फाटतोच. लेझर केलं म्हणून सुरक्षित झालो या समजुतीत मुलं पुढे काजवे दिसूनही येत नाहीत.

लेझर कुणाला? काजवे-ठिपक्यांसह नालेची फाट, लगेच. दुसरा डोळा पडदा सरकून गेलेला. घरात पडदे सरकलेले. बाकीच्यांना वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी आणि धोक्याची लक्षणं तोंडपाठ.

व्हीआर_सर्जन

सोलापूरकर डॉक्टरांशी तत्त्वतः सहमत. एकच भर : लॅटिसमध्ये भोक असून त्याभोवती पाण्याची कड दिसतेय, रुग्ण जहाजावर नाहीतर दूर कुठं कामाला आहे, आणि तपासणीला येणार नाही, तर मी लेझरकडे झुकेन. ठिकाण आणि रोजगार हेही निर्णयात येतात. लॅसिक नंबर काढतं, पण आतला लांबलेला डोळा तसाच राहतो. नंबर गेला म्हणून पडद्याची तपासणी बंद करणारे बरेच भेटतात, त्यांना तुम्ही टोका.

अनघा_ऑप्टो

डॉक्टर, सिस्टर, मनापासून आभार. सावलीची बाजू आणि मधली नजर हा क्रम आजच केंद्रात लावते. दोन गोष्टी राहिल्या. घाटाचं सांगा. आणि असे रुग्ण येतात ज्यांनी वर्षभरापूर्वी तेल भरून घेतलं आणि "दिसतंय, मग कशाला काढायचं" म्हणून परत गेलेच नाहीत. त्यांच्यात मी काय बघू?

व्हीआर_सर्जन

घाट आधी. बाहेरचा हवेचा दाब कमी झाला की गॅस फुगतो. विमानाच्या केबिनमध्ये तो २,४०० मीटर उंचीइतका उतरू शकतो, तिथं फुगा जवळपास एक तृतीयांशानं वाढतो. म्हणून गॅस पूर्ण विरेपर्यंत विमान नाही. कोल्हापूर-पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, तिथं वाढ सहा-सात टक्के. आकडा लहान वाटतो, पण ४ मिलिलिटरच्या भरलेल्या डोळ्यात तो पाव मिलिलिटर होतो, आणि तेवढ्यानं दाब चढतो.

कोकणातल्या रुग्णाचा धोका घाट उतरताना तेवढा नाही. पुण्याला ऑपरेशन झालं, घरी खाली आला, फुगा थोडा आकसला, डोळ्यानं ती जागा स्वतःच्या पाण्यानं भरून काढली. आठ-दहा दिवसांनी तपासणीला तासा-दोन तासात घाट चढला की फुगा परत मोठा होतो आणि आता त्याला जागा नसते. म्हणून शक्य असेल तर पहिले काही दिवस ऑपरेशनच्याच गावी राहावं. फुगा निम्म्याहून मोठा असताना चढणीचा प्रवास सर्जनला विचारल्याशिवाय नको. कधी चढण्याआधी दाबाची गोळी देतात. घाटात डोळा दुखायला लागला, नजर काळवंडली तर गाडी वर दामटू नका, मागे फिरून खाली उतरा. मुंबईला ऑपरेशन झालेल्यानं महाबळेश्वर-पाचगणीची वाट गॅस जाईपर्यंत विसरावी. तेलवाल्यांना यातलं काहीच लागू नाही.

तेल राहिलेल्यांत पहिला दाब, दोन्ही डोळ्यांचा, दर भेटीला. बारीक थेंब झालेलं तेल डोळ्याच्या पुढच्या खोलीत येऊन निचऱ्याची जाळी बुजवतं आणि काचबिंदू होतो, तोही न दुखता. स्लिट लॅम्पखाली रुग्णाला समोर बघायला सांगा आणि वरची पापणी उचला. तेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे पुढच्या खोलीत ते वरच्या कडेला, घड्याळाच्या बारावर, चकचकीत बारीक बुडबुड्यांच्या पांढऱ्या थरासारखं दिसतं. खालीच शोधलं तर सापडणार नाही. कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) मधोमध आडवा पांढरट पट्टा उमटायला लागलाय का तेही पाहा. भिंग शाबूत असलेल्या डोळ्यात तेलामुळे नंबर प्लसकडे पाच-सहानं सरकतो. तसा चष्मा दिलात तर दिसेल, पण त्यानं "तेल काढायला नको" या समजुतीला बळ मिळतं. चष्मा देताना कार्डावर तेल भरल्याची तारीख लिहा आणि सर्जनची तारीख घेऊनच चष्मा हातात द्या.

काढायचं की नाही हे मात्र सर्जनवर सोडा. एकच डोळा उरलाय, पडदा दोन-तीनदा सुटलाय, किंवा दाब इतका कमी आहे की तेल काढलं तर डोळा चिंबेल, अशांत तेल मुद्दाम ठेवतात. त्यांना दर तीन-चार महिन्यांनी दाबासाठी तुमच्याकडेच बोलवा आणि आकडे एका वहीत ठेवा. दाब २५ च्या वर दोनदा आला, किंवा बाराच्या जागी तो पांढरा थर नव्यानं दिसला, तर त्याच आठवड्यात पाठवा.